मॅक्युलाची झीज झाली असेल, तर घरी नजर कशी तपासावी

डोळ्याच्या आतल्या पडद्याचा अगदी मधला भाग म्हणजे मॅक्युला. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही सारी बारीक कामे तोच करतो. पन्नाशीनंतर काहींच्या बाबतीत हा भाग झिजू लागतो. बहुतेकांचा आजार कोरड्या प्रकारचा असतो आणि संथपणे वाढतो. पण काही डोळ्यांत पडद्याखाली नाजूक, गळक्या रक्तवाहिन्या उगवतात, त्याला ओला प्रकार म्हणतात, आणि तो काही दिवसांत किंवा आठवड्यांत मधली नजर बिघडवू शकतो. कोरड्याचा ओला होतो आहे हे लवकर ओळखणे, एवढ्यासाठीच घरची तपासणी करायची असते.

पंचवटीत राहणारे माझे वडील रोज ‘गांवकरी’ हे दैनिक वाचत आणि ‘मला सगळे नीट दिसते’ असे ठामपणे सांगत. ते खोटे बोलत नव्हते; त्यांचा उजवा डोळा डाव्याचे काम भागवून नेत होता. एका डोळ्यातील उणीव दुसरा डोळा झाकतो आणि मेंदूही रिकाम्या जागा आपल्या मनाने भरून काढतो, त्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवून केलेली तपासणी निरुपयोगी ठरते.

तपासणीसाठी आम्सलर जाळी वापरतात. मार्क आम्सलर या स्विस नेत्रतज्ज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. डॉक्टरांकडून तिचा छापील कागद मागून घ्यावा. तो मिळेपर्यंत पांढऱ्या कागदावर १० सेंटिमीटर बाजूचा चौरस आखून त्यात ५ मिलिमीटरची घरे पाडावीत आणि बरोबर मध्यभागी ठळक ठिपका द्यावा. शाळेच्या चौकटीच्या वहीचे पानही चालते, मात्र घरांचे माप आधी पट्टीने पाहावे. कागद लॅमिनेट करू नये, कारण त्यावरची चकाकी नेमकी मधल्या भागात त्रास देते.

तपासणीची वेळ, जागा आणि उजेड रोज तोच असावा. उन्हातून आल्याबरोबर बसू नये. झिजलेल्या मॅक्युलाला प्रखर उजेडातून सावरायला जास्त वेळ लागतो, आणि नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांत तर गोदाघाटावरून चालत घरी आलेल्या माणसाने बराच वेळ थांबावे. जवळचा चष्मा लावावा. प्रोग्रेसिव्ह भिंगे (दूरचे आणि जवळचे एकाच काचेत) असतील तर खालच्या भागातून पाहावे. कागद डोळ्यांपासून सुमारे ३० सेंटिमीटरवर धरावा. एक डोळा तळहाताने झाकावा, पण दाबू नये, कारण दाबलेला डोळा उघडल्यावर काही वेळ धूसर दिसते. आता दुसऱ्या डोळ्याने केवळ ठिपक्याकडे पाहत राहावे आणि नजर न हलवता स्वतःला विचारावे: ठिपका दिसतो का, चारही कोपरे दिसतात का, कुठली रेषा वाकडी, तुटक, पुसट किंवा काळसर दिसते का? मग दुसऱ्या डोळ्याची तीच तपासणी करावी.

ज्यांना आधीपासूनच थोड्या रेषा वाकड्या दिसतात, त्यांनी घाबरून जाळी कपाटात टाकू नये. पहिल्या दिवशी जे दिसते ते जाळीच्या वेगळ्या प्रतीवर पेन्सिलीने रेखाटावे, त्यावर तारीख व उजवा की डावा डोळा हे लिहावे, आणि पुढे प्रत्येक डोळ्याची तुलना त्याच्याच जुन्या चित्राशी करावी. वडिलांच्या बाबतीत आम्ही रोजची खूण भिंतीवरच्या कॅलेंडरवर करतो. एखादा दिवस राहिला तर तेवढ्यावरून कळते. बाथरूमच्या फरशांचे सांधे, खिडकीचे गज, दाराची चौकट या सरळ रेषाही एकेका डोळ्याने पाहाव्यात. मात्र जाळी सरळ दिसली म्हणजे आजार वाढलेला नाही, असा दाखला मिळत नाही. सुरुवातीचे बदल तिच्यातून निसटतात, म्हणून डॉक्टरांनी ठरवून दिलेली ओसीटी (पडद्याच्या थरांचे चित्र घेणारी) तपासणी चुकवू नये.

नवा वाकडेपणा, मध्येच आलेला डाग किंवा अक्षरे गळाल्यासारखे दिसणे यांपैकी काहीही आढळले, तर त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी पडद्याच्या डॉक्टरांना कळवावे. ‘मोतीबिंदू असेल’, ‘चष्म्याचा नंबर वाढला असेल’, ‘दिवाळीनंतर बघू’ या आपल्या घरोघरच्या वाक्यांनी फार नुकसान होते, कारण ओल्या प्रकारात डोळ्यात दिली जाणारी इंजेक्शने उरलेली नजर राखण्यात चांगली मदत करतात, पण पडद्यावर एकदा व्रण बनला की तो भाग परत मिळत नाही. अचानक चमका दिसणे, काळे ठिपके तरंगणे किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखे वाटणे हा वेगळा आजार असू शकतो, तरी घाई तेवढीच करावी.

फोनवर ‘कमी दिसते’ एवढेच सांगितले, तर पंधरा दिवसांनंतरची वेळ मिळण्याची शक्यता असते. ‘मॅक्युलाचा आजार आहे, परवापासून डाव्या डोळ्याने सरळ रेषा वाकड्या दिसतात’ असे नेमके सांगावे. जाताना रेखाटलेली जाळी, जुने ओसीटी अहवाल आणि चालू औषधांची यादी न्यावी. बाहुली मोठी करण्याचे थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसते, त्यामुळे सिन्नर, त्र्यंबकेश्वर किंवा शहरातूनही येणाऱ्याने स्वतः गाडी चालवत येऊ नये; घरातील कोणाला तरी बरोबर आणावे आणि परतीसाठी गॉगल घ्यावा.