सिग्नलला गाडी थरथरते? आधी थ्रॉटल पुसून बघा

बेळगावात शहापूर ते खडेबाजार अशा जवळच्या फेऱ्यांतच पेट्रोल गाडी फिरत असेल, तर थ्रॉटलच्या झडपेवर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेवर, कार्बन चढतो. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) वरखाली होतो, सिग्नलला गाडी बंदही पडते. गॅरेजात इंजिन उघडायला देण्याआधी एवढं कराच.

१. इंजिन थंड, चावी काढलेली. एअर फिल्टरकडून थ्रॉटलला येणाऱ्या रबरी पाइपचा क्लॅम्प सैल करून पाइप काढा.
२. थ्रॉटल बॉडी क्लीनर सुती फडक्यावर मारा आणि झडप पुसा. खरी घाण कडेच्या बारीक फटीत असते, डांबरासारखी काळी, चिकट. तिथं घाई नको. फडकं स्वच्छ निघेपर्यंत पुसा.
३. पाइप घट्ट बसवून गाडी थोडा वेळ उभ्यानंच चालू ठेवा.

झडप इलेक्ट्रॉनिक असेल तर बोटानं जोरात ढकलू नका, आतले गिअर तुटू शकतात.