परसबागेत विज्ञान शिकवताय? या चुका टाळा

पहिली चूक मी स्वतः केली आहे. शाळेत मेथीचे दोन वाफे केले, एकात शेणखत घातलं, दुसऱ्यात नाही. खताचा वाफा तरारून आला आणि मी फळ्यावर निष्कर्षही लिहून टाकला. तेवढ्यात सहावीतली एक मुलगी म्हणाली, "सर, हापशाचं पाणी बी तिकडंच जातंय की!" बरोबर होतं तिचं. खत आणि पाणी दोन्ही बदललं, मग वाढ कशामुळे झाली ते कसं सांगणार? एका वेळी एकच गोष्ट बदला. बी मोजून टाका, पाणी एकाच तांब्याने मोजून द्या, खताशिवायचा वाफा शेवटपर्यंत तसाच ठेवा. तो पिवळा दिसतो म्हणून मुलं चोरून खत घालतात, त्यावर नजर ठेवा.

पान पिवळं पडलं की युरिया. ही आपल्याकडची मोठी खोड. आधी कुठलं पान पिवळं आहे ते मुलांना पाहायला सांगा. खालची जुनी पानं सगळीच्या सगळी पिवळी असतील तर बहुधा नत्र कमी आहे. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर लोहाची शंका घ्या. सोलापूरच्या मातीत बऱ्याच ठिकाणी चुनखडी असते, अशा जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. मातीच्या ढेकळावर लिंबू पिळा. फसफसलं तर चुनखडी आहे. मग एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (लोहाचा क्षार, फेरस सल्फेट) आणि थोडा लिंबाचा रस मिसळून निम्म्याच झाडांवर फवारा (हे काम शिक्षकांनीच करावं), उरलेली तशीच ठेवा. काही दिवसांनी फरक मुलंच सांगतील.

मुळांवर गाठी दिसत नाहीत. चवळी पेरून महिना-सव्वा महिन्याने आपण झाड उपटतो आणि गाठी काही सापडत नाहीत. काळी माती वाळली की दगडासारखी होते; उपटताना मुळं तुटतात, गाठी मातीतच राहतात. आदल्या दिवशी पाणी द्या, खुरप्याने ढेकळासकट झाड काढा आणि बादलीत सावकाश धुवा. गाठ नखाने फोडली की आत गुलाबी रंग दिसला पाहिजे, म्हणजे आतले जिवाणू हवेतला नत्र धरताहेत. वाफ्यात आधी युरिया पडला असेल तर गाठी कमीच येतात.

बाटलीत माती-पाणी हलवून थर दाखवायचा प्रयोग इथे हमखास फसतो. काळ्या मातीतले चिकणमातीचे कण इतके बारीक असतात की दोन दिवसांनीही पाणी गढूळच राहतं. चिमूटभर तुरटी घाला. वरचा थर जरा फुगीर दिसेल, पण पाणी निवळेल, आणि पाणी शुद्ध कसं करतात तो धडाही उरकेल.

पेरणीची वेळ शाळेच्या वेळापत्रकाला जुळवा. जूनमध्ये शाळा उघडली की चवळी, गवार पेरा. मोजमापाचा मेथीचा प्रयोग दिवाळीच्या सुट्टीआधी सुरू करू नका, मधल्या नोंदीच गायब होतात. सुट्टीनंतर पेरली तर महिन्याभरात काढणी होते.

वेलाला फळ धरत नाही. बारके दुधी पिवळे पडून गळतात, तेव्हा खत कमी पडलं असं सगळे म्हणतात. बहुतेक वेळा परागीभवनच झालेलं नसतं. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं आणि त्यावर येतात रात्रीचे पतंग. शाळा सुटल्यावर बिचाऱ्या फुलाकडे बघणार कोण? वर्गाच्या वेळेत दाखवायचं असेल तर लाल भोपळा लावा, त्याचं फूल सकाळी उघडतं आणि दुपारपर्यंत मिटतं. प्रार्थनेनंतर लगेच जा. देठाशी चिमुकला भोपळा असलेलं ते मादी फूल. नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचे पराग मादी फुलाच्या मधोमध अलगद लावा, देठाला रंगीत दोरा बांधा आणि तारीख लिहा. शेजारचं एक मादी फूल उमलण्याआधीच कापडी पिशवीत बांधून ठेवा. त्याचं काय होतं, त्याची पैज मात्र आधी लावून घ्या.