काल्पनिक ड्रॅगनचं जीवनचक्र आणि स्वभाव कसा रचावा

गोष्टीसाठी ड्रॅगन रचायला बसलं की हात आधी पंखांकडे आणि रंगाकडे जातो. माझंही तसंच झालं होतं. माझा पहिला ड्रॅगन हिरवागार, डोंगराएवढा आणि सदा चिडलेला होता. गोष्ट वाचून दाखवल्यावर दुसरीतल्या एका मुलीने विचारलं, "तो लहान होता तेव्हा त्याला कोण भरवायचं?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून मी अंड्यापासून सुरुवात करते. प्राणी कुठे जन्मला, कुणाला भिऊन वाढला, पिल्लं कशी जगवतो हे ठरलं की त्याचा स्वभाव वेगळा शोधत बसावं लागत नाही.

खाली मी एक प्रजाती रचत जाते, तुम्ही तुमची सोबत रचा. माझीचं नाव 'राखण्या'. ते का, हे पुढे कळेल.

आधी जागा

तुमच्या पायाखालून गेलेली जागा घ्या. मी सह्याद्रीचा उतार घेतला, तो कारवीसाठी. कारवी सात-आठ वर्षं नुसती वाढत राहते. मग एका पावसाळ्याच्या शेवटाला अख्खा डोंगर जांभळा होतो आणि बी धरलं की झुडपं मरून जातात. वाळकी बोंडं मात्र फांद्यांवर तशीच राहतात. पुढच्या पावसाचं पाणी लागलं की ती तडतडत फुटतात आणि बी लांब उडतं.

या एका झुडपाने माझ्या ड्रॅगनचं पंचांग ठरवलं. कारवी फुलते त्याच वर्षी राखण्याची मादी अंडी घालते. गोष्टीपुरतं मी हे अंतर ८ वर्षांचं धरलं आहे.

मग अंडं

किती, कुठे, किती दिवस आणि राखण कुणाची, एवढं ठरवा. खरे प्राणी इथे फार मदत करतात. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवीण शंभरेक अंडी वाळूत पुरून समुद्रात निघून जाते, पिल्लांचं तोंडही पाहत नाही. नागराजाची (किंग कोब्राची) मादी पालापाचोळा ओढून घरटं रचते आणि अंड्यांवर पहारा देते. मगरीची पिल्लं अंड्यातूनच आवाज देतात, तो ऐकून आई माती उकरते आणि त्यांना जबड्यात धरून पाण्यात नेते. अंडी भरमसाट असतील तर राखण कमी, मोजकी असतील तर जास्त, असा साधारण हिशेब धरा.

राखण्याची अंडी फक्त ३. ऑक्टोबरात ती कातळाच्या भेगेत ठेवली जातात आणि जूनमध्ये फुटतात. आठ महिने फार वाटतील, पण इंडोनेशियातल्या कोमोडो ड्रॅगन या खऱ्याखुऱ्या महाकाय सरड्याच्या अंड्यांनाही सुमारे तेवढेच लागतात. पहिली सर येते, कारवीची बोंडं तडतडतात आणि तो आवाज ऐकून पिल्लं आतून कवच फोडतात.

आगीचं कारण

आग फुकट देऊ नका. बॉम्बार्डियर भुंगा पोटातल्या एका कप्प्यात रसायनं साठवतो आणि जिवावर बेतलं की ती दुसऱ्या कप्प्यात ढकलून, तिथे त्यांची झटक्यात क्रिया घडवून जवळजवळ १०० अंश सेल्सिअसचा फवारा सोडतो. तसा तुमच्या ड्रॅगनच्याही आगीला साठा, मर्यादा आणि मुख्य म्हणजे गरज हवी.

माझ्या डोंगरावर उन्हाळ्यात वणवे लागतात आणि अंडी नेमकी तेव्हाच भेगेत असतात. वणवा पसरू नये म्हणून जंगलात जाळरेषा काढतात, म्हणजे गवताचा एक पट्टा आधीच जाळून मोकळा करतात. राखण्याची मादी तेच करते. पोट जमिनीला टेकवून ती मागे सरकते, हातभर गवत पेटवते, शेपटीने थापटून विझवते, पुन्हा हातभर सरकते. अंड्यांभोवती काळं कडं पुरं व्हायला तिला आठ-दहा रात्री लागतात. राख आणि राखण, दोन्ही तिच्या नावात आहेत.

बालपण

कोमोडोची पिल्लं झाडावर राहतात, कारण खाली मोठे कोमोडो त्यांना खातात. राखण्याच्या पिल्लांना भीती सर्पगरुडाची. म्हणून तीन वर्षं ती दाट पानांआड असतात आणि बरगड्यांवर ताणलेल्या पडद्याने या झाडावरून त्या झाडावर तरंगत जातात, पश्चिम घाटातल्या उडत्या सरड्यासारखी. सावली अंगावरून गेली की जागच्या जागी थिजायचं, ही सवय मोठेपणीही सुटत नाही.

आता स्वभाव

'रागीट', 'शूर', 'धूर्त' असे शब्द वहीतून खोडा. त्याऐवजी कुठल्या वेळी तो काय करतो ते लिहा. कोंडीत सापडलेली घोरपड अंग फुगवते, फुत्कारते, शेपटीचे फटके मारते. यात 'रागीट' कुठेच म्हणावं लागत नाही.

राखण्या एरवी बुजरा. गुरं शेजारी चरत असली तरी तो दगडासारखा पडून राहतो. पण अंड्यांच्या वर्षी, मार्चमध्ये, एखाद्या गुराख्याने विडी पेटवली तर मादी झुडपातून त्याच्या मागे चालू लागते. हल्ला करत नाही. तो थांबला की थांबते. विडी दगडावर पुरती विझली की परत फिरते.

वयानेही स्वभाव पालटू द्या. राखण्या सोळा वर्षं जगतो, म्हणजे त्याच्या वाट्याला दोनच फुलोरे येतात. पहिल्या वेळी मादी सातच वर्षांची, जाळरेषा वाकडी, एखादं अंडं हमखास भाजतं. दुसऱ्या वेळी ती पंधरा वर्षांची असते. दिवाळीनंतरच गवताचा वास घेत फिरते आणि वारा पडेल त्या रात्रीची वाट पाहते.

शेवटी सगळं महिन्यावार एका कागदावर मांडा. एखादा महिना रिकामा राहिला तर तिथे तो काय खातो ते विचारा. माझा जून असाच रिकामा होता. आठ महिन्यांत आईने जेमतेम काही खाल्लेलं असतं आणि पिल्लांना दात नसतात. मग आठवलं, पहिल्या पावसात कातळावर खेकडे निघतात. आई ते जबड्यात फोडते आणि आधी पिल्लांपुढे ठेवते.