मांजराला शुगर निघाली? घरी सांभाळताना या चुका टाळा

आमचा मन्या अडीच वर्षांचा होता तेव्हा त्याला डायबिटीस निघाला. हा आजार जास्त करून वय झालेल्या, जाडजूड बोक्यांना होतो, एवढ्या लहान वयात क्वचित, आणि म्हणूनच लहान मांजराच्या बाबतीत पहिली चूक इथेच होते, की क्लिनिकमधलं एकच रीडिंग बघून लगेच इन्सुलिन सुरू. मांजर घाबरलं की त्याची शुगर चढते, चांगली ३०० च्या वर जाते. पिशवीत कोंबून रिक्षातून नेलं, शेजारच्या बाकावर कुत्रा भुंकतोय, मग टेबलावर धरून सुई टोचली, त्यात शुगर वाढणारच. त्यामुळे डॉक्टरांना फ्रुक्टोसामाइन टेस्टबद्दल नक्की विचारा, ती मागच्या एक-दोन आठवड्यांची शुगर सांगते, त्या दिवसाची भीती त्यात येत नाही. आणि घरी नीट लक्ष ठेवा, पाण्याची वाटी सारखी रिकामी होतेय का, लिटरमधले (शी-शूच्या ट्रेमधल्या वाळूतले) लघवीचे गोळे मोठे झालेत का, भरपूर खाऊनही पाठीचं हाड हाताला लागतंय का. मन्याचं हे तिन्ही होतं.

दुसरी चूक म्हणजे जुनी औषधं न सांगणं. मन्याला आधी खाजेसाठी स्टिरॉइडची दोन इंजेक्शनं झाली होती, बरेच आठवडे अंगात टिकणारी, आणि मी ते नव्या डॉक्टरांना सांगितलंच नाही कारण खाजेचा आणि शुगरचा काय संबंध असं वाटलं. संबंध आहे, खूप आहे. स्टिरॉइडने मांजरात डायबिटीस उघडा पडू शकतो आणि स्टिरॉइड बंद झाल्यावर कधीकधी तो जातोही. फक्त गोळ्या चालू असतील तर आपल्या मनाने एकदम बंद करू नका, त्या हळूहळूच कमी करायच्या असतात.

आता सिरिंज. हे प्लीज दोनदा वाचा. आपल्याकडे इन्सुलिन जास्त करून दोन ताकदीत मिळतं, एका मिलीत ४० युनिट आणि एका मिलीत १०० युनिट, आणि सिरिंजही दोन, लाल टोपणाची ४० साठी आणि केशरी टोपणाची १०० साठी. मन्याचं इन्सुलिन ग्लार्जिन नावाचं, बराच वेळ काम करणारं, आणि ते १०० चं. एका रविवारी नेहमीचं मेडिकल बंद होतं म्हणून दुसरीकडून सिरिंज आणल्या, त्याने लाल टोपणाच्या दिल्या, मी टोपणाकडे बघितलंच नाही, नेहमीसारखी १ च्या रेघेपर्यंत भरली आणि दिली. लाल सिरिंजमधली एक रेघ म्हणजे १०० च्या इन्सुलिनचे अडीच युनिट. तीन तासांनी मन्या कपाटाखालून बाहेर आला तो झोकांड्या खात, मागचे पाय एकीकडे आणि तो दुसरीकडे, हाक मारली तर बघेना. मशीनवर ४१. माझ्या पोटात गोळाच आला. बोटाला मध घेऊन हिरड्यांना आतून चोळला, दहा मिनिटांनी परत चोळला, मग त्याने थोडं खाल्लं आणि आम्ही तसेच डॉक्टरांकडे पळालो. वाचला. तेव्हापासून बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा मोठ्याने वाचल्याशिवाय मी सुई भरत नाही, घरात दुसरं कुणी देत असेल तरी वाचून घेते. मध, ग्लुकोज पावडर, साखरेचं पाणी यातलं काहीतरी हाताशी ठेवाच, पण मांजर बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील तर तोंडात ओतू नका, फुप्फुसात जातं, नुसतं हिरडीला चोळायचं आणि निघायचं.

एक गोष्ट मनात पक्की करा, एखाद दिवस शुगर जास्त राहिली तर मांजर तग धरतं, पण शुगर खूप खाली गेली तर काही तासांत जीव जातो. त्यामुळे शंका आली की कमीच. सुई केसातून आरपार गेली आणि केस ओले लागले, किती आत गेलं कळत नाही? परत देऊ नका, पुढच्या वेळेपर्यंत थांबा. एक डोस चुकला? पुढचा दुप्पट देऊ नका. मन्या जेवलाच नाही तर पूर्ण द्यायचा, अर्धा द्यायचा की द्यायचाच नाही, हे मी डॉक्टरांकडून आधीच लिहून घेतलंय आणि तो कागद फ्रिजवर लावलाय. आणि सकाळी आकडा मोठा दिसला म्हणून संध्याकाळी आपल्या मनाने युनिट वाढवणं, ही चूक तर खूप जण करतात. ग्लार्जिनचा अंदाज यायला काही दिवस लागतात आणि एका आकड्यावरून काही कळत नाही, दोन डोसच्या मधे शुगर सगळ्यात खाली कुठे जाते ते बघावं लागतं.

घरी शुगर मोजायची भीती वाटते, मलाही वाटायची. कानाच्या कडेला, आधी कोमट कपड्याने कान गरम करून टोचा, मागे कापसाचा बोळा धरा, रक्ताचा छोटासा थेंब पुरतो. माणसांचं मशीन मांजराची शुगर बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं, म्हणून कुठलं मशीन वापरताय ते डॉक्टरांना सांगा आणि सारखी मशीनं बदलू नका.

खाणं. दूध-पोळी, दूध-भात बंद, कितीही म्याव म्याव केलं तरी. कोरड्या किबलमध्येही (पाकिटातल्या कॅट फूडच्या दाण्यांमध्ये) पिठूळ भाग बराच असतो, ओलं, जास्त प्रोटीनचं खाणं बरं. पण इथे एक फसगत आहे, खाणं बदललं की इन्सुलिनची गरज कमी होते, तेव्हा एका रात्रीत सगळं बदलून डोस तोच ठेवलात तर शुगर धाडकन खाली येईल. डॉक्टरांना सांगून, मोजत मोजत बदला. आणि शुगर आहे म्हणून उपाशी तर अजिबात ठेवू नका, मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर लिव्हर बिघडतं.

कारल्याचा रस, मेथीचं पाणी, आजोबांच्या शुगरच्या गोळ्या, यातलं काहीही मांजराला देऊ नका. विषय संपला.

इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवा पण फ्रीझरच्या भिंतीला चिकटून नको, एकदा गोठलं की ते फेकायचं. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ असतं, गढूळ दिसलं तर वापरू नका, जोरात हलवू पण नका.

उलट्या, खाणं बंद, मलूल पडलंय आणि तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतोय, तर सकाळची वाट बघू नका, रात्री दोन वाजता असलं तरी निघा. ते कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडलं की शरीर चरबी जाळतं तेव्हा रक्तात साचणारे आम्लासारखे पदार्थ, वाढल्याचं लक्षण आहे, त्यावर घरी काही करता येत नाही, सलाईनच लागतं.

मन्याचे आकडे चौथ्या महिन्यात खाली यायला लागले, डॉक्टरांनी एकाचं अर्धं युनिट केलं, मग तेही बंद केलं. इथेही सांभाळा, आकडे उतरत असताना जुनाच डोस रेटला तर परत तीच झोकांडी. आता तो विनाइन्सुलिन आहे, पण हा आजार परत येऊ शकतो, म्हणून दर रविवारी सकाळी कान गरम करून एक थेंब घेतेच, आणि खाजेसाठी कुठेही नेलं तरी पहिलं वाक्य हेच असतं की याला स्टिरॉइड द्यायचं नाहीये.