ब्लोहोल दिसला की प्रेशर वाढवताय? डाय कास्टिंगमधल्या या चुका टाळा

डाय कास्टिंग म्हणजे वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम दाबाने स्टीलच्या साच्यात (डायमध्ये) भरून पार्ट बनवणं. मशीनिंगनंतर अशा पार्टला भोक (ब्लोहोल) दिसलं की शॉपमध्ये पहिला हात जातो तो प्रेशरच्या सेटिंगकडे. सुरुवातीला मीही तेच करायचो. भोक जागच्या जागी, वर पार्टिंग लाइनवर (डायचे दोन भाग जुळतात तिथे) फ्लॅश, म्हणजे बाहेर निसटलेली धातूची पापडी, फुकट!

आधी पार्ट कापा, भोक भिंगाखाली धरा. आतून गोल, गुळगुळीत, चकचकीत असेल तर अडकलेला गॅस. खडबडीत, फाटल्यासारखं आणि जाड भागाच्या पोटात असेल तर श्रिंकेज, म्हणजे गोठताना धातू आकसून पडलेली पोकळी. दोन्हींचं औषध वेगळं.

गॅस असेल तर प्लंजरची (धातू ढकलणाऱ्या दट्ट्याची) पहिली चाल बघा. धातू ओतल्यावर स्लीव्ह (प्लंजर फिरतो ती नळी) पूर्ण भरलेली नसते, वर हवा असते. प्लंजर सुरुवातीलाच जोरात सुटला तर धातूची लाट उसळते आणि हवा पोटात घेऊनच पुढे जाते. फार रेंगाळला तर धातू स्लीव्हमध्येच थंडावतो, मग कोल्ड शट, म्हणजे धातूचे प्रवाह एकजीव न होता राहिलेली रेघ. धातू गेटपाशी (पार्टच्या पोकळीच्या तोंडाशी) पोचला की मगच वेग. दुसरा गुन्हेगार स्प्रे, म्हणजे डायवर मारायचं पाणी मिसळलेलं वंगण. डाय चिकटतेय म्हणून दोन फवारे जास्त मारले आणि एअर नीट मारली नाही, तर राहिलेल्या पाण्याची वाफ पार्टमध्येच जाते. व्हेंटची (हवा बाहेर जाण्याच्या फटीची) खोली मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. पातळ फ्लॅश अडकला की बंद. दर पाळीला साफ करा.

श्रिंकेज असेल तर बिस्किट (प्लंजरच्या टोकाशी उरलेली धातूची चकती) मोजा. ते पातळ आलं तर पार्टच्या आधी गोठतं आणि इंटेन्सिफिकेशनचा (डाय भरल्यावर दिलेला वाढीव) दाब पुढे पोचतच नाही. तिथे सेटिंग कितीही वाढवा. बऱ्याचदा दोष लेडलमधल्या (धातू ओतायच्या पळीतल्या) कमी मालाचा निघतो.

एडीसी 12 या डाय कास्टिंगच्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूमध्ये लोखंड 1.3 टक्क्यांपर्यंत चालतं. ते अगदी कमी झालं तर अ‍ॅल्युमिनियम डायच्या स्टीलला चिकटतं. उलट लोखंड, मँगनीज, क्रोमियम जास्त आणि वीज वाचवायला होल्डिंग भट्टीचं (वितळलेला धातू ठेवतात तिचं) तापमान उतरवलेलं, तर तळाला स्लज (गाळ) बसतो. त्याचे कडक कण पार्टमध्ये आले की सीएनसीवर टूल तुटतात आणि शिव्या मशीनशॉपवाले खातात.

थंड डायवरचे पहिले शॉट (पार्ट) गुपचूप चांगल्या मालात मिसळू नका. आमच्याकडे एकदा वरून झकास दिसणारे पार्ट पावडर कोटिंगच्या भट्टीतून फोड येऊन परत आले होते. 200 अंशांच्या आसपास धातू मऊ पडतो आणि कातडीखाली दाबून बसलेला गॅस त्याला फुगवतो.