एटीव्हीच्या पुढच्या डिफरन्शियलची तुलना करताना या चुका टाळा

पावसाळ्यात यवतमाळ-वर्ध्याकडच्या पांदण रस्त्यांवर बंडीच्या चाकोऱ्या खोल गेल्या, की फोर-व्हील ड्राइव्ह एटीव्हीचे (खडबडीत वाटेवर चालणाऱ्या, हँडल असलेल्या चारचाकीचे) एक पुढचे चाक गाळात आणि दुसरे धुऱ्याच्या कडेला, अशी स्थिती हमखास येते. डिफरन्शियल म्हणजे इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणारी आणि वळणावर त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी. पुढचे डिफरन्शियल साधे असेल तर दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, मिळतो. म्हणजे गाळातले चाक फिरवायला जेवढा थोडा जोर लागतो तेवढाच घट्ट जमिनीवरच्या चाकाच्या वाट्याला येतो आणि गाडी हलत नाही. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एका चाकाचे मोकाट फिरणे आवरणारे डिफरन्शियल, ही अडचण कमी करते. मात्र प्रत्येक रचना वेगळ्या इशाऱ्यावर काम सुरू करते, आणि तो इशारा न ओळखता केलेली तुलना बहुधा चुकते.

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे पुढचा भाग जॅकवर उचलून एक चाक हाताने फिरवणे आणि ते सहज फिरले म्हणून डिफरन्शियल निकामी ठरवणे. कॅन-अ‍ॅम कंपनीच्या व्हिस्को-लॉक डिफरन्शियलमध्ये दोन चाकांच्या वेगात फरक पडला की आतल्या दाट द्रवाचा दाब वाढतो आणि तो क्लच प्लेटा आवळून दोन्ही चाके जोडतो. हाताने सावकाश फिरवल्यास पुरेसा दाब तयारच होत नाही. रुतल्याबरोबर थ्रॉटल पूर्ण सोडणारा चालकही याच कारणाने यंत्रणेला नावे ठेवतो. घसरणारे चाक क्षणभर स्थिर गतीने फिरू द्यावे, म्हणजे दुसरे चाक ओढू लागते. काळ्या जमिनीत हा क्षण लांबवू नये, अन्यथा चाक स्वतःच खड्डा खणते.

कावासाकीच्या ब्रूट फोर्स ७५० मध्ये हे काम चालकाच्या हातात आहे. हँडलवरील लिव्हर जितका ओढावा तितके पुढचे डिफरन्शियल आवळले जाते. लिव्हरला हात न लावता ती गाडी चिखलात कमी पडते असे म्हणणे अन्यायाचे आहे, आणि मुरमाच्या कडक रस्त्यावर तो ओढून ठेवून स्टिअरिंग जड असल्याची तक्रार करणेही तितकेच चुकीचे आहे. लिव्हर ओढूनही फरक जाणवत नसेल तर प्लेटा बदलण्याआधी केबल सैल झाली आहे का ते पाहावे.

टॉर्क ओळखून काम करणाऱ्या डिफरन्शियलची गोष्ट आणखी निराळी आहे. घसरणाऱ्या चाकाला मिळणारा थोडा टॉर्क ते दुसऱ्या बाजूला काही पटींनी वाढवून देते. चाक पूर्ण अधांतरी असेल तर वाढवायलाच काही उरत नाही. अशा वेळी पुढचा ब्रेक हलका दाबून थ्रॉटल दिल्यास मोकळ्या चाकाला विरोध मिळतो.

पोलारिस कंपनीच्या गाड्यांची पुढची यंत्रणा खरे तर या पंगतीत बसत नाही. तिच्यात रोलर क्लच (रोलर अडकून चाक जोडणारे क्लच) असतात आणि मागची चाके घसरू लागली की पुढची दोन्ही चाके एकदम जोडली जातात. मागची चाके जोरात फिरत असताना ऑल-व्हील ड्राइव्हचे बटण दाबणे ही येथील सर्वांत महाग चूक ठरू शकते, कारण तो झटका गिअरवर येतो. बटण चिखलात शिरण्यापूर्वीच दाबावे. टायरचे माप आणि हवा यांचाही येथे थेट संबंध आहे. मागे शेणखताची पोती लादली आणि मागच्या टायरमध्ये हवा कमी असली, तर मागची चाके प्रमाणाबाहेर जलद फिरतात आणि गरज नसताना पुढची जोडली जातात.

तेलाबाबत निष्काळजीपणा फार आहे. दुकानात मिळेल ते गिअर ऑइल भरल्यास क्लच प्लेटांच्या रचनेत वळणावर करकर येऊ शकते, म्हणून त्या मॉडेलच्या पुस्तिकेत सांगितलेलेच तेल वापरावे. गरम डिफरन्शियल नाल्याच्या थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याची नळी) चिखलाने बंद असल्यास पाणी सीलमधून आत ओढले जाते. तेल दुधाळ दिसले तर ते त्याच दिवशी बदलावे.

टायरच्या नक्षीत चिकण माती पूर्ण भरल्यावर मात्र कोणतेही डिफरन्शियल उपयोगी पडत नाही, म्हणून दोन गाड्यांची तुलना सारख्या टायरवर, सारख्या हवेवर आणि एकाच बांधीत करावी. पऱ्हाटीच्या धसकटांतून गाडी नेली असेल तर चाचणीपूर्वी अ‍ॅक्सलचे रबरी बूट (सांध्यांवरची आवरणे) तपासावेत. फाटक्या बुटातून माती शिरून खराब झालेल्या सांध्याची कटकट अनेकदा डिफरन्शियलच्या माथी मारली जाते.