चार माइकमध्ये ड्रमकिट: आधी सुतळी शोधा

रेकॉर्डिंगसाठी ड्रमकिटला आठ-दहा माइक लावायची घाई नको, चार पुरतात. इंग्लिश रेकॉर्डिंग इंजिनिअर ग्लिन जॉन्स यांच्या नावाने ओळखली जाणारी मांडणी करून बघा. एक कंडेन्सर (जास्त संवेदनशील प्रकारचा माइक) स्नेअरच्या, म्हणजे ड्रमरच्या पुढ्यातल्या तडतडणाऱ्या ड्रमच्या, वर साधारण १ मीटरवर. दुसरा फ्लोअर टॉमच्या (जमिनीवर पायांवर उभा असलेला ड्रम) बाजूला, त्याच्या रिमपेक्षा (काठापेक्षा) थोडा उंच, हाय-हॅटकडे (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीकडे) तोंड करून. दोन्हींचं स्नेअरपासूनचं अंतर अगदी सारखं हवं. इथे सुतळी कामी येते: ड्रमरने एक टोक स्नेअरच्या मध्यावर बोटाने दाबून धरायचं, दुसरं तुम्ही आळीपाळीने दोन्ही माइकना टेकवायचं. अंतर चुकलं तर दोन्ही एकत्र ऐकताना स्नेअर पत्र्याच्या डब्यासारखा पातळ वाजतो.

स्नेअरला शुअर एसएम ५७ हा माइक, रिमच्या दोन बोटं वर, पाठ हाय-हॅटकडे. किकला (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला) एकेजी डी ११२ सारखा डायनॅमिक (दणदणीत आवाज सोसणारा) माइक, पुढच्या कातड्याच्या भोकापाशी. आत सरकवला की बीटरची (पेडलच्या हातोड्याची) टकटक वाढते, बाहेर ओढला की घुमारा. मग किकच्या चॅनलची पोलॅरिटी (सिग्नलची वर-खाली दिशा) उलटून ऐका, भरीव वाटेल ती ठेवा. आणि हो, खाली फरशी असेल तर आधी जाड सतरंजी अंथरा.